एका आगबोटीचा अपुरा ताळेबंद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या प्रवासी आगबोटींच्या अखेरीविषयी जे लिहिले जाते, त्यात हळहळ फार असते. भव्य भोजनगृहे, नृत्यदालने, धक्क्यावर रुमाल हलविणारी गर्दी, आणि मग विमान आले व सारे संपले, असा त्या लेखनाचा साचा ठरून गेला आहे. हळहळ वाटू नये असे नाही. ती जहाजे मानवी कौशल्याची उत्तम निर्मिती होती आणि ती घडविणारे हात कामगारांचेच होते. परंतु अर्थशास्त्राने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. जहाज मोडीत निघते तेव्हा त्याच्या पोटात वर्षानुवर्षे साठत आलेला खर्च अखेर कोणाच्या खात्यावर पडतो? ‘फ्रान्स’ या नावाने सुरू होऊन ‘ब्लू लेडी’ या नावाने गुजरातच्या किनाऱ्यावर संपलेल्या एका जहाजाच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्टपणे वाचावयास मिळते.

‘फ्रान्स’ हे जहाज सेंत-नाझेर येथील गोदीत बांधले गेले. ११ मे १९६० रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या पत्नीच्या हस्ते त्याचे जलावतरण झाले आणि ३ फेब्रुवारी १९६२ रोजी ते ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीवर निघाले. लांबी सुमारे ३१५ मीटर. ‘क्वीन मेरी २’ हे जहाज २००३ साली तयार होईपर्यंत एवढे लांब प्रवासी जहाज जगात दुसरे नव्हते. गंमत अशी की, अटलांटिक महासागर जहाजाने ओलांडणाऱ्यांपेक्षा विमानाने ओलांडणाऱ्यांची संख्या १९५८ सालीच अधिक झाली होती आणि त्याच वर्षी जेट विमानांची नियमित वाहतूकही सुरू झाली होती. म्हणजे जहाज पाण्यात उतरण्यापूर्वीच त्याचा धंदा हातचा गेलेला होता. तरीही ते बांधले गेले आणि शासकीय अनुदानावर बारा वर्षे चालविले गेले, याचे कारण राष्ट्राची प्रतिष्ठा. ही वस्तू बाजारात विकत मिळत नाही. तिची किंमत करदात्याकडून वसूल करावी लागते.

१९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या आणि काही महिन्यांतच त्या चौपट झाल्या. दुसऱ्या वर्षी सत्तेवर आलेल्या जिस्कार देस्तँ यांच्या राजवटीने जहाजाचे अनुदान बंद करण्याचे जाहीर केले. ‘उधळपट्टीला आळा’ हा त्यावरचा शासकीय मुलामा. परंतु याच वर्षांत याच तिजोरीतून ‘काँकॉर्ड’ या स्वनातीत विमानावर पैसा ओतला जात होता, आणि १९७६ साली ते प्रवासी वाहतुकीस सिद्ध झाले तेव्हा त्याचे तिकीट कोणा गिरणी कामगाराला परवडणारे नव्हते. श्रीमंतांच्या अटलांटिक प्रवासाला सरकारी हातभार लावणे थांबले नाही. फक्त वाहन बदलले.

११ सप्टेंबर १९७४ च्या रात्री न्यूयॉर्कहून परतणारे ‘फ्रान्स’ ल हाव्रच्या तोंडाशी आले असता खलाशांनी त्याचा ताबा घेतला आणि बंदरात शिरण्याच्या मार्गातच नांगर टाकला. प्रवाशांना दुसऱ्या बोटीतून किनाऱ्यावर पोहोचविण्यात आले. जहाज चालू ठेवावे आणि वेतनात ३५ टक्के वाढ द्यावी, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांपैकी कोणतीच अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरणारी नव्हती, हे मान्य करावयास हवे. अटलांटिकची नियमित वाहतूक कोणत्याही अनुदानाने फार काळ तगली नसती, आणि बंद पडणाऱ्या जहाजावर वेतनवाढ मागणे हा डावपेच म्हणूनही दुबळाच होता. तथापि या संघर्षाचा आशय मागणीपत्रकात शोधावयाचा नसतो. जहाज बांधण्याचा निर्णय मंत्र्यांनी घेतला, तो मोडण्याचाही मंत्र्यांनीच; मधल्या बारा वर्षांत ज्यांनी ते चालविले त्या हजारभर माणसांना दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. त्या रात्री ल हाव्रच्या खाडीमुखाशी मांडला गेलेला प्रश्न हा होता. काही आठवड्यांनी लढा मावळला. जहाज बंदराच्या एका आडबाजूच्या धक्क्याला बांधून ठेवण्यात आले, आणि लोकांनी त्या धक्क्याला नाव दिले ‘विस्मृतीचा धक्का’. १९७५ साली मिशेल सार्दू या गायकाने जहाजाच्याच तोंडी घातलेले एक गाणे फ्रान्सभर गाजले. सार्दू हे उजव्या विचारांचे म्हणून ओळखले जात, परंतु ते गाणे कामगारांनीही आपलेसे केले.

यानंतर सुरू झाला हस्तांतरांचा प्रवास. १९७७ साली एका सौदी धनिकाने जहाज विकत घेतले. १९७९ साली क्नुट क्लोस्टर यांच्या नॉर्वेजियन कंपनीने ते एक कोटी ८० लाख डॉलरना घेऊन त्याचे नाव ‘नॉर्वे’ ठेवले. ब्रेमरहाफेन येथे त्याचा कायापालट झाला. चारपैकी दोन पंखे काढून टाकले गेले, कारण आता वेगाची गरजच उरली नव्हती. पूर्वीचा धंदा तेल जाळून वेळ वाचविण्याचा. नवा धंदा मायामीहून कॅरिबियन बेटांभोवती संथपणे फिरून वेळच विकण्याचा. भांडवल किती लवचिक असते याचा हा उत्तम दाखला होय. १९८० पासून दोन दशकांहून अधिक काळ जहाजाने पैसा मिळवून दिला. ध्वज मात्र पुढे बहामा बेटांचा झाला, कारण तेथे कर व कामगार कायदे दोन्ही सोयीचे.

२५ मे २००३ रोजी मायामी बंदरात जहाजाचा एक बॉयलर फुटला आणि आठ खलाशी मृत्युमुखी पडले. बॉयलरची हाताळणी, देखभाल व तपासणी सदोष होती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. मृतांपैकी काही फिलिपिनो खलाशांचे वारस आणि काही जखमी अमेरिकन न्यायालयात गेले. २००५ साली तेथील अपील न्यायालयाने निर्णय दिला की, नोकरीच्या करारात तसे कलम असल्यामुळे त्यांनी आपला दावा फिलिपाइन्समधील लवादापुढे न्यावा. अपघात अमेरिकेच्या बंदरात, कंपनीचा कारभार अमेरिकेतून, ध्वज बहामाचा, आणि न्याय मागावयाचा मनिलात! मुंबईच्या बंदराला ही रीत अपरिचित नाही. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर गोव्याचे वाढपी आणि कोकणचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या राबले, ते गोऱ्या खलाशाच्या वेतनाच्या एका अंशावर आणि वेगळ्या करारावर. बॅलार्ड पिअरच्या आठवणी सांगताना महात्माजींची ‘राजपुताना’ आणि डॉ. आंबेडकरांची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ यांची नावे निघतात, ती निघावीतच. परंतु भट्टीघरातल्या माणसांची नावे कोठेच निघत नाहीत.

स्फोटानंतर जहाज ब्रेमरहाफेनला ओढून नेण्यात आले. २००५ साली ते तेथून हलले, तेव्हा ते भंगारात नव्हे तर आशियात पुढील वापरासाठी जात असल्याचे सांगण्यात आले. मलेशियात मुक्काम झाला, मालक पुन्हा बदलले, नाव ‘ब्लू लेडी’ झाले. बांगलादेशाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारणावरून प्रवेश नाकारला. मग भारत. पावसाळा तोंडावर आल्याने सर्वोच्च न्यायालयाने जून २००६ मध्ये माणुसकीच्या भूमिकेतून जहाजाला भारतीय पाण्यात येऊ दिले, आणि १५ ऑगस्ट २००६ रोजी ते अलंगच्या वाळूत रुतले.

त्याच वर्षीची दुसरी घटना शेजारी ठेवून पाहावी. ‘क्लेमान्सो’ ही फ्रेंच नौदलाची निवृत्त विमानवाहू नौका अलंगकडे निघालेली होती. तिच्यातही अ‍ॅस्बेस्टॉस होते. मोठा गदारोळ झाला, फ्रान्समधील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हस्तांतर स्थगित केले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी नौका माघारी बोलाविली. पुढे ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे मोडली गेली. युद्धनौकेची मालकी शेवटपर्यंत फ्रेंच शासनाची होती, म्हणून तिला परत बोलाविणारे कोणीतरी होते. ज्या जहाजावर देशाचे नावच कोरलेले होते त्याला मात्र बोलाविणारे कोणी उरले नव्हते. तीन नावे, अनेक मालक आणि बदलते ध्वज यांची मालिका एका कामासाठी उपयोगी पडली: जबाबदारीचा माग पुसून टाकण्यासाठी.

त्या जहाजात १२०० टनांहून अधिक अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त साहित्य असल्याचा अंदाज होता. ते तेथे आले कसे? ‘नॉर्मंडी’ हे याच कंपनीचे पूर्वीचे वैभवशाली जहाज १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्याला आगीत सापडून उलटले होते. आगीचे भय घेऊनच नवे जहाज बांधले गेले, आणि वाफेच्या नळ्यांभोवती, बॉयलरभोवती, भिंतींच्या आत ते न जळणारे द्रव्य घातले गेले. त्याने अटलांटिकच्या प्रवाशांना अभय दिले. त्याची किंमत मात्र चाळीस वर्षांनी ते खरवडून काढणाऱ्याच्या फुप्फुसातून घेतली जावयाची होती. किनाऱ्याजवळच्या एका गावाच्या सरपंचांनी रहिवाशांच्या वतीने न्यायालयात धाव घेतली. ११ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे ल हाव्रच्या त्या रात्रीला तेहतीस वर्षे पूर्ण होत असता, सर्वोच्च न्यायालयाने जहाज मोडण्यास अनुमती दिली. ७०० कामगारांना रोजगार आणि ४१,००० टन पोलाद, हे लाभ न्यायालयाने तराजूच्या एका पारड्यात ठेवले. जहाज निर्विष करूनच पाठवावे, ही याच न्यायालयाची २००३ सालची भूमिका दुसऱ्या पारड्यात होती. ते पारडे वर गेले.

जहाज मोडणे हे नेहमीच गरीब देशांच्या वाट्याचे काम होते, असे मात्र नाही. ‘टायटॅनिक’ची थोरली बहीण ‘ऑलिंपिक’ १९३५ साली निवृत्त झाली तेव्हा ती इंग्लंडमधील जॅरो या गावी मोडावयास गेली. जॅरोची पामर गोदी मंदीत बंद पडली होती आणि गोदीमालकांच्या संघटित कंपनीने ती विकत घेऊन तेथे चाळीस वर्षे जहाज बांधले जाऊ नये, अशी अट घातली होती. ज्या गावाला जहाज बांधण्यास बंदी, त्या गावाला जहाज मोडण्याचे काम ही दया म्हणून देण्यात आली. ती पुरली नाही. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १९३६ मध्ये, जॅरोचे सुमारे २०० बेकार कामगार लंडनपर्यंत चालत गेले. त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन मजूर पक्षाच्या होत्या. पुढे युद्धोत्तर काळात युरोपातील वेतन वाढले, संघटना बळकट झाल्या, सुरक्षेचे कायदे आले, आणि जहाजे मोडण्याचे काम पूर्वेकडे सरकले. ‘निउ आम्स्टरडाम’ १९७४ साली तैवानात काऊशुंगला गेली. तेथील मजुरी वाढल्यावर काम आणखी पश्चिमेला, भारतीय उपखंडाच्या किनाऱ्यावर आले. अलंगला पहिले जहाज १९८३ साली लागले. खंभातच्या आखाताची प्रचंड भरती जहाजाला आपोआप वाळूवर आणून सोडते. सुकी गोदी नको, मोठी यारी नको. भांडवलाची जागा भरती घेते आणि यंत्राची जागा गॅसकटर हाती घेतलेला ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशचा मजूर.

सर्वोच्च न्यायालयासाठी २००६ साली तयार झालेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात दोन आकडे आहेत. अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या ९४ कामगारांच्या छातीचे क्ष-किरण चित्र घेतले असता १५ जणांत रोगाशी सुसंगत खुणा आढळल्या. आणि जहाजतोडणीत दर हजारी प्राणघातक अपघातांचे प्रमाण दोन, तर खाणींत ०.३४. खाण हा धोकादायक धंदा म्हणून शाळेत शिकविला जातो. जागतिक बँकेतील एक अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे १९९१ सालचे एक टिपण बाहेर फुटले होते. अल्प वेतनाच्या देशात विषारी कचरा टाकण्यामागील तर्क निर्दोष आहे, असा त्याचा मथितार्थ होता. टिपण उपरोधाने लिहिले होते, असे पुढे सांगण्यात आले. बाजार मात्र उपरोध जाणत नाही. तो त्या टिपणाप्रमाणेच वागतो.

म्हणून अलंग बंद करा, असे म्हणणे सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. भंगारातून मिळणारे पोलाद खनिज व कोळसा वाचविते, आणि काम गेले तर मजूर याहून वाईट कामाकडे जातो. प्रश्न काम असावे की नाही हा नाही. खर्च कोणी सोसावा हा आहे. मुंबईच्या दारूखान्यातील जहाजतोड मजुरांमध्ये बंदर कामगारांच्या संघटनेने काम सुरू केले, तेव्हा आरंभ पिण्याच्या पाण्यापासून आणि प्रथमोपचारापासून करावा लागला. तेच कार्य पुढे अलंगला गेले. क्रांतीच्या कल्पनांपुढे पाण्याची टाकी क्षुल्लक वाटेल, परंतु ज्यांना हजेरीपत्रकात नाव नाही त्यांची संघटना अशीच उभी राहते.

२०१९ साली भारताने जहाज पुनर्चक्रण कायदा केला आणि हाँगकाँग करारास मान्यता दिली. २००९ साली संमत झालेला तो करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला. जहाजावरील घातक द्रव्यांची यादी आता सोबत असावी लागते, कामगारांचा विमा उतरवावा लागतो. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण जहाज येण्यापूर्वीच निर्विष करण्याची सक्ती त्यात नाही, आणि ज्या कंपन्यांनी दशकानुदशके नफा घेतला त्यांच्याकडून मोडणीचा खर्च वसूल करण्याची तरतूदही नाही. जहाज चालू असतानाच दरवर्षी काही रक्कम मोडणी निधीत जमा करून घेणे अशक्य नाही. घसारा निधी तर प्रत्येक मालक काढतोच, तो नवे जहाज घेण्यासाठी.

‘ब्लू लेडी’ २००८ च्या अखेरीपर्यंत बहुतांशी कापून झाली. तिच्या नाळेचा अग्रभाग कापून जपला गेला, २००९ साली पॅरिसला लिलावात विकला गेला आणि २०१८ पासून तो ल हाव्रच्या किनाऱ्यावर उभा आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचा रोग वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो. त्या जहाजावर राबलेला मजूर तेव्हा गंजाम जिल्ह्यातील आपल्या गावी असेल, आणि आपण कोणत्या जहाजावर, किती महिने, कोणत्या कामावर होतो याचा एकही कागद त्याच्याजवळ नसेल. विम्याचा दावा कागदावाचून उभा राहत नाही. तेव्हा कामगार संघटनांनी नव्या कायद्याखालील नियमांत पहिली मागणी धरावयाची ती हीच: काम सोडताना प्रत्येक मजुराला जहाजाचे नाव, कामाचा काळ आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी आलेला संबंध नोंदविलेला दाखला मिळावा, त्याची प्रत सरकारी व्यवसायारोग्य संस्थेत राहावी, आणि क्ष-किरण तपासणी त्याच्या गावच्या जिल्हा रुग्णालयात आयुष्यभर विनामूल्य व्हावी.