गरम पाणी, गोल टेबल आणि कडक भाकरी

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या जेवणाआधी केलेले भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘सॉफ्टवेअरचं बदलतं जग’. मी म्हटलं, नको. निम्मे लोक जेवणाआधीच झोपतील आणि उरलेले मला मुलांच्या इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनचं विचारतील. त्यापेक्षा मी चीनमध्ये काय खाल्लं, काय प्याले आणि कशातून फिरले ते सांगते. भूगोलाच्या बाई पुढेच बसल्या आहेत. बाई, आठवीत तुम्ही चीनचा नकाशा भरायला दिलात तेव्हा मी ह्वांग हो नदी समुद्रातून डोंगराकडे नेली होती आणि तुम्ही वहीवर नुसतं एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. हे भाषण म्हणजे त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर समजा.

2018 च्या पावसाळ्यानंतर कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी शांघायला पाठवलं. गाड्यांच्या आतलं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम होतं. माझ्याबरोबर जर्मनीच्या ऑफिसातला एक सहकारी होता. त्याला मी इथे जर्मनबुवा म्हणते. उंच, शिस्तीचा, वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. चीनला दोघंही पहिल्यांदाच चाललो होतो. माझ्या बॅगेत आईने दिलेल्या तीन गोष्टी होत्या : कडक भाकऱ्यांची चळत, शेंगाचटणीचा डबा आणि काळजी. सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी किती दिवस टिकते हे सांगायला नको.

पहिला धक्का पाण्याचा. विमानतळावरून आम्ही चुंबकावर तरंगणाऱ्या त्या मॅग्लेव्ह गाडीने आलो. तीस किलोमीटर आठ मिनिटांत. डब्यात वेगाचा आकडा दिसतो, तो 430 वर गेला तेव्हा सगळ्यांनी फोन काढून त्याचे फोटो घेतले, आम्हीही घेतले. उतरून जेवायला बसलो तर जर्मनबुवांनी खुणेनं थंड पाणी मागितलं. आलं ते वाफाळतं, काचेच्या ग्लासात. त्यांना वाटलं चहा आहे, पत्ती टाकायची राहिली. पत्ती राहिली नव्हती. तिथे पाणी म्हणजे गरम पाणी. सवय जुनीच, पण 1952 मध्ये सरकारने देशभर स्वच्छतेची मोहीम काढली, उकळलेलं पाणी प्या म्हणून प्रचार केला, आणि तेव्हापासून ती घराघरात पक्की झाली. रेल्वेच्या प्रत्येक डब्यात, स्टेशनात, ऑफिसच्या मजल्यामजल्यावर उकळत्या पाण्याचा नळ. प्रत्येकाच्या हातात झाकणाची बाटली, तळाशी चहाची पानं, दिवसभर त्यावरच पाणी ओतत राहायचं. दूध नाही, साखर नाही, गाळणं नाही. पानं ओठाला लागली की फुंकर मारायची. आपण ‘चहा’ हा शब्द त्यांच्याकडून घेतला, पण प्यायची रीत मात्र अजिबात घेतली नाही. आणि गंमत म्हणजे मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात चहाचा उल्लेखच नाही. त्यावरून तो खरंच चीनला गेला होता का, अशी शंकाही काहींनी घेतली आहे. मला वाटतं, त्यालाही ते नुसतं गरम पाणीच वाटलं असेल.

जर्मनबुवांना सर्दी झाली, तर ऑफिसातल्या सगळ्या मुलींनी एकच औषध सांगितलं : भरपूर गरम पाणी प्या. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आता खाणं. मी शाकाहारी. अंडंही नाही. तिकडच्या भाषेत शाकाहाराला ‘सू’ म्हणतात, हे मी पाठ करून गेले होते. पण नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर घोटाळा होतो. त्यांच्या बोलण्यात मांस म्हणजे बहुतेक वेळा डुकराचं. ते नको म्हटल्यावर मासे चालतील, कोंबडी चालेल, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. टोफूच्या भाजीत खिमा चवीपुरता असतो, फरसबीत तर हमखास. तो काढून ठेवला की भाजी शाकाहारी झाली! जर्मनबुवांचं दुःख वेगळं. ते सगळं खायचे, कोंबडीचे पायसुद्धा चाखले, पण दहाव्या दिवशी त्यांना पावाची इतकी आठवण झाली की आम्ही बेकरी शोधत दोन मेट्रो स्टेशनं चाललो. छान दिसणारा, वर सोनेरी लव असलेला बन घेतला. पाव गोड निघाला, आणि ती लव म्हणजे डुकराच्या मांसाचा वाळवलेला कीस. माझा बन मी अजून तोंडाला लावला नव्हता, एवढंच माझं नशीब.

मग मला बटाटा सापडला. उभा चिरून, जेमतेम शिजवून, व्हिनेगर आणि लाल मिरचीत परतलेला. ठेचलेली काकडी सापडली, लसूण घातलेली; आपल्या कोशिंबिरीची लांबची बहीण. वांगं-बटाटा-ढोबळी मिरची अशी एक भाजी उत्तरेकडे मिळते, ती खाऊन तर मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हात जोडून आले. शांघायमध्ये 1922 साली सुरू झालेलं गोंगदेलिन नावाचं शाकाहारी हॉटेल आहे. तिथे बदक मिळतं, तेही टोफूच्या सायीचं! बौद्ध परंपरेचं शाकाहारी जेवण, त्यात कांदा-लसूणही नसतो. म्हणजे आपला चातुर्मास. आपल्या कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरचं मंचुरियन मात्र अख्ख्या चीनमध्ये दिसलं नाही. ते मुंबईत जन्माला आलं असं सांगतात, त्यामुळे तिथे शोधणं ही माझीच चूक.

पैसे देण्याची कथा लांब आहे, थोडक्यात सांगते. भाजीवाल्या आजीकडेसुद्धा कोडचा छापील कागद, लोक फोन दाखवतात आणि निघतात. त्यासाठी तेव्हा तिथल्या बँकेत खातं लागायचं. आम्ही दोघं संगणकवाले, आणि आख्ख्या रांगेत नोटा मोजणारे दोघंच. सुट्टे नसले की दुकानदार आमच्याकडे, आपण पूर्वी पावली चालवणाऱ्याकडे बघायचो तसं बघायचा.

पाचव्या आठवड्यात सुझौला जेवणाचं बोलावणं आलं. शांघायहून रेल्वेने अर्ध्या तासावर. गोल टेबल, मध्ये फिरतं काचेचं ताट. दाराकडे तोंड असलेली जागा मानाच्या पाहुण्याची. तिथे जर्मनबुवांना बसवलं. त्यांच्या शेजारी यजमान, साठीला आलेले, कारखान्यातले सगळ्यात वरिष्ठ. सुझौचा प्रसिद्ध मासा आला. अंगभर चिरा देऊन तळलेला, शेपूट वर, डोकं वर, खारीसारखा दिसतो म्हणून खारीचंच नाव असलेला. डोकं पाहुण्याकडे करून ठेवलं. यजमान आपल्या चॉपस्टिक्सनी पाहुण्याच्या वाटीत वाढू लागले. ‘अजून एक, अजून एक.’ जर्मनबुवांना कळेना नको कसं म्हणायचं. मी म्हटलं, याला आमच्याकडे आग्रह म्हणतात, पंगतीत जिलबीचा करतात, वाटीवर हात आडवा धर.

मग दारू आली. ‘बायज्यू’. अल्कोहोल पन्नास टक्क्यांच्या वर, आणि पेले अंगठ्याएवढे. ‘गानबेई’ म्हटलं की पेला कोरडा करायचा. पेल्याला पेला लावताना आपला पेला खाली धरायचा, म्हणजे समोरच्याचा मान राहतो. जर्मनबुवा आणि यजमान दोघंही आपापला पेला खाली नेत नेत जवळजवळ टेबलाखाली पोचले. मी विचारलं, ही कशाची बनते? शेजारच्या मुलीने सांगितलं, ‘गाओल्यांग’, आणि फोनवर चित्र दाखवलं. ज्वारी! मंडळी, आपण जिची भाकरी करतो तिची हे लोक दारू करतात.

माझ्या पेल्यात यजमानांनी स्वतः चहा ओतला. दारूच्या जागी चहाने मान देण्याचीही तिथे रीत आहे. आणि एक गोष्ट मला जरा उशिरा लक्षात आली. ते फिरतं ताट माझ्यापुढे थांबायचं तेव्हा समोर नेहमी बटाटा, टोफू किंवा पालेभाजीच असायची. योगायोग नव्हता. यजमान बोलता बोलता, न बघता, एका बोटाने ताट जरासं पुढे सरकवत होते. मासा माझ्यासमोरून जाई, थांबत नसे. कुणी मला ‘का नाही खात?’ विचारलं नाही. कुणी तोंड वाकडं केलं नाही. त्या रात्री परतीच्या गाडीत मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला आठवीची मधली सुट्टी आठवत होती. ते सांगते, पण आधी एक गाडी पकडायची आहे.

शेवटच्या आठवड्यात काम बीजिंगला. शांघाय ते बीजिंग 1,318 किलोमीटर, साडेचार तासांत. आपली सिद्धेश्वर मुंबईला पोचायला रात्र घेते, म्हणून मी सारखी घड्याळाकडे बघत होते. तिकिटाचं मात्र तेव्हा सोपं नव्हतं. तिकीट पासपोर्टवर निघतं, यंत्राला परदेशी पासपोर्ट वाचता येत नव्हता, म्हणून खिडकीपुढे रांग. जर्मनबुवा म्हणाले, इतकं सगळं आधुनिक आणि शेवटी खिडकी? मी म्हटलं, खिडकी माझ्यावर सोड. रांगेत कुणी मध्ये घुसू नये म्हणून कोपर कसं ठेवायचं, हे मी सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर शिकले आहे.

रविवार मोकळा होता. मी शिजियाझुआंगला जायचं ठरवलं. तिथे आपले डॉक्टर कोटणीस आहेत. सोलापूरचा मुलगा, 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेला, 9 डिसेंबर 1942 ला चीनमध्येच वारला, वय अवघं बत्तीस. जर्मनबुवांना ही गोष्ट माहीत नव्हती, पण तेही निघाले.

बीजिंगहून सव्वा तासाचा प्रवास. समोर एक आजी आणि सहा-सात वर्षांचा नातू. गाडी हलली तशी आजींनी पिशवी उघडली. चहाच्या पाण्यात उकडलेली अंडी, तडकलेल्या कवचावर तपकिरी नक्षी उमटलेली. एक सोलून नातवाला दिलं, दुसरं सोलून माझ्यापुढे धरलं. सोललेलं अंडं, हातावर, अगदी नाकासमोर. मी हात जोडून म्हटलं, ‘सू’. आजी ‘हां हां’ म्हणाल्या, अंडं जर्मनबुवांना दिलं आणि माझ्या हातात संत्रं ठेवलं. मला काहीतरी द्यावंसं वाटलं. पिशवीत शेवटच्या दोन कडक भाकऱ्या आणि चटणी होती. भाकरी मोडून पुढे केली आणि ऐटीत सांगितलं, ‘गाओल्यांग’!

आजींनी तुकडा हातात घेतला, वास घेतला, आणि खळखळून हसल्या. फोनच्या भाषांतरात बोलल्या, ते पडद्यावर उमटलं : लहानपणी हेच खाल्लं, रोज, दुसरं नव्हतंच, आता पुरे. आणि भाकरी दोन्ही हातांनी, ताम्हनातला प्रसाद परत द्यावा तशी, माझ्या हातात ठेवली. चटणी मात्र बोटाने चाखली आणि कागदात बांधून मागून घेतली. नातवाने भाकरी कुडुमकुडुम खाऊन टाकली.

तिथल्या स्मारकात डॉक्टरांचा पुतळा आहे, समाधी आहे, जवळच कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांची. मी पिशवीतला भाकरीचा उरलेला तुकडा कट्ट्यावर ठेवला. जर्मनबुवा टोपी काढून उभे राहिले.

आता मधली सुट्टी. आठवीत खिडकीजवळच्या बाकांवर आम्ही पाचजणी डबे एकत्र करून खायचो. एक मैत्रीण नव्याने आमच्यात बसू लागली होती. तिने एकदा सुकटाची चटणी आणली. तिने मला विचारलं नव्हतं, आग्रह नव्हता. झाकणात थोडी काढून मध्ये ठेवली, सगळ्यांसारखी. मी ‘शी’ म्हणाले. मोठ्यांदा. आणि माझा डबा उचलून दुसऱ्या बाकावर गेले. बाकीच्या माझ्यामागे आल्या.

ती मैत्रीण आज इथे आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे. सकाळी तिला गाठून म्हटलं, तुला आठवत नसेल, पण... ती म्हणाली, ‘आठवतं की. त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, डब्यात फक्त शेंगाचटणी-भाकरी देत जा. आई म्हणाली का गं, तर म्हटलं सुकटाने पोट दुखतं.’

दहावीपर्यंत तिच्या डब्यात चटणी-भाकरीच असायची. मी रोज तिच्या शेजारी बसून ती खाल्ली आहे.

जेवण वाढायला घेतलंय असं मागून खुणावत आहेत, तेव्हा थांबते. तिसऱ्या पंगतीत खिडकीकडून दुसऱ्या जागेवर रुमाल टाकलेला आहे, तिथे कुणी बसू नका. ती माझी जागा आहे, तिच्या शेजारची.