सुईण, संशोधन आणि श्रमाचे मोल
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



मातृ-आरोग्यावरील संशोधन हा डॉक्टरांचा विषय; त्यावर अर्थशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाने का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझे उत्तर सरळ आहे. ज्ञानही श्रमांतूनच निर्माण होते. ते श्रम कोणी केले आणि त्यांचे फळ कोणाच्या पदरी पडले, हे विचारणे आपले काम आहे.

प्रारंभ व्हिएन्नापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्या विभागात शंभरातील सुमारे 11 स्त्रिया दगावल्या; दुसऱ्यात तीनहूनही कमी. पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून गरीब स्त्रिया गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत. सुइणींचा शवांशी संबंध नसे. 1847 साली त्याने क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. प्रस्थापित वैद्यकाने मात्र त्याचे म्हणणे दीर्घकाळ स्वीकारले नाही. जे विद्वानांना पटत नव्हते, ते त्या गरीब स्त्रियांनी अनुभवाने आधीच ओळखले होते.

आता आपल्या गडचिरोलीकडे या. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. पुढे 772 बाळंतिणींचा घरोघरी अभ्यास झाला व तो 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील 52.6 टक्के स्त्रियांना काही ना काही आजार झाला. प्रसूतीच्या वेळी 17.7 टक्के स्त्रियांना, तर प्रसूतीनंतर 42.9 टक्के स्त्रियांना. आपण 'बाई सुटली' असे म्हणून निःश्वास टाकतो, त्यानंतरच तिच्या दुखण्यांना खरा आरंभ होतो!

याच अभ्यासात सुमारे 15 टक्के स्त्रियांना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज आढळली. तेव्हा गावची सुईण असली की पुरे, असा भोळा निष्कर्ष कोणी काढू नये. शस्त्रक्रियागृह हवे, रक्त हवे, तेथवर वेळेत पोचवणारे वाहनही हवे. परंतु उरलेल्या आजारी स्त्रियांची दखल घ्यायला दारी जाणारे माणूसच लागते.

या नोंदी केल्या कोणी? गावातल्याच अल्पशिक्षित आरोग्यसेविकांनी. याच सेविकांच्या बळावर गडचिरोलीत घरच्या घरी नवजात अर्भकांची शुश्रूषा करून नवजात-मृत्यू निम्म्याहून अधिक घटवता येतात, हे 1999 साली जगापुढे आले. 2011 साली केंद्र सरकारने ही पद्धत देशभर स्वीकारून ते काम 'आशा' सेविकांवर सोपवले. मोबदला काय ठरला? रुग्णालयात प्रसूती झाल्यास 42 दिवसांत सहा गृहभेटी आणि त्यांचे मिळून 250 रुपये. भागाकार करा: एका भेटीस 42 रुपयेही पडत नाहीत. पुढे 'आशां'च्या मोबदल्यात भर पडली, हे खरे. परंतु सरकारच्या लेखी त्या आजही 'स्वयंसेविका'च आहेत, कर्मचारी नाहीत.

मी आयुष्यभर राष्ट्रीय उत्पन्नाचे तक्ते शिकवले. बाळंतिणीच्या उशाशी रात्र जागवणाऱ्या बाईचे श्रम त्यांत कोणत्या रकान्यात बसतात, हे एकाही वर्गात मी विचारले नाही. ही चूक आज आपणांपुढे कबूल करतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. आपापल्या तालुक्यातील आशा सेविकांच्या वेतनाचा व कर्मचारी म्हणून मान्यतेचा प्रश्न आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. आणि ज्या स्त्रियांच्या देहावर व श्रमांवर हे संशोधन उभे राहते, त्यांच्यापर्यंत त्याचे निष्कर्ष मराठीतून पोचतात की नाही, हे पाहा. ज्या ज्ञानाला त्यांनी जन्म दिला, त्यावर पहिला हक्क त्यांचाच आहे.