अक्षर छापील, उच्चार घरचा



रशियन वर्णमालेत 33 अक्षरे आहेत : 10 स्वर, 21 व्यंजने आणि स्वतःचा ध्वनी नसलेली 2 चिन्हे. तिची घडण मुख्यतः ग्रीक लिपीवरून झाली व अक्षरांचा क्रमही बराचसा तिकडचाच. आपली व्यंजने मात्र कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांप्रमाणे मांडलेली आहेत. या मांडणीचा आम्हांस अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे.

तथापि कोणतीही लिपी सर्व काही सांगत नाही. रशियनमध्ये ‘ये’ आणि ‘यो’ या अक्षरांत केवळ वरच्या दोन टिंबांचा भेद असून नेहमीच्या छपाईत ती टिंबे बहुधा गाळली जातात. तरीही रशियन मूल अडखळत नाही, कारण शब्द त्याने घरी आधीच ऐकलेला असतो. मराठीचेही तसेच आहे. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ कागदावर एकच, मुखात मात्र दोन.

1918 साली रशियात काही अक्षरे वगळण्यात आली व ती सुधारणा टिकली. आपल्या लखनौतही 1953 साली देवनागरीच्या सुधारणेसाठी परिषद भरली होती. ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे लिहावा, असे तीत ठरले. पण ते रूढ झाले नाही आणि पुढे जुनीच पद्धत कायम राहिली. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची मराठी मुद्रणातील वळणे मात्र हिंदीच्या प्रमाण लेखनात स्थिरावली. आज येथील शाळकरी मूल जो ‘अ’ गिरवते, तो आपल्याच वळणाचा आहे.

म्हणजे अक्षरांच्या बाबतीत आपण परके नाही. उणीव आहे ती उच्चाराची. प्रमाण हिंदीला ‘ळ’ची गरज पडत नाही, म्हणून आमची मुले ‘वेळ’ला ‘वेल’ आणि ‘काळ’ला ‘काल’ म्हणतात. दोष मुलांचा नाही. स्वयंपाकघरातसुद्धा आम्हीच हिंदीत बोलू लागलो, तेव्हा त्यांनी ‘ळ’ ऐकावा तरी कोठे?

यास्तव एकच विनंती. रोज रात्री घरातील वडीलधाऱ्यांनी मराठीचे एक पान मोठ्याने वाचावे, मग मुलांकडून वाचून घ्यावे. मुले चुकली तर हसू नये. तोच शब्द पुन्हा सावकाश म्हणावा. मंडळाचे ग्रंथालय पुस्तक देईल. त्यातील ‘ळ’ ऐकविण्याचे काम आपणांसच केले पाहिजे.