मांजराचं रक्त आधी, सुई नंतर

शहापूर-मुरबाडच्या मंडळींना गोचीड काय असते हे मी सांगायला नको. गायीच्या कासेला, कुत्र्याच्या कानात दिसली की तुम्ही ती ओढून काढता. पण मांजर तापानं निपचित पडलं की दवाखान्यात हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, याच्या अंगावर एक गोचीड नाही हो!" अहो, मांजर दिवसभर अंग चाटत असतं. गोचीड ते दातांनी काढतं, कधी गिळूनही टाकतं. पण तोवर तिनं रक्तात सोडलेले जिवाणू चाटून निघत नाहीत. कान, हनुवटी, मान, म्हणजे जीभ पोचत नाही तिथं बोटं फिरवून बघा. आणि काही सापडलं नाही, तरी रक्त तपासा.

मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या पाचशेहून अधिक कुत्र्यांचं रक्त तपासून 2011 साली एक अहवाल छापला गेला. त्यात एर्लिकिया आणि ॲनाप्लाझ्मा हे गोचिडीतून येणारे जिवाणू सापडले. आपल्याकडे कुत्रं ओटीवर आणि मांजर त्याच्याच कुशीत. मांजरात हे आजार कुत्र्यापेक्षा कमी दिसतात हे खरं, पण शोधणारेही कमीच.

शोधायचे कसे? तुमच्या भाताच्या कणगीत उंदीर शिरलाय असं समजा. बॅटरी मारली आणि उंदीरच दिसला, तर प्रश्न मिटला. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते हेच. एर्लिकिया पांढऱ्या पेशीत पुंजका करून बसलेला दिसतो. पण उंदीर तळाशी दडला असेल तर बॅटरीत दिसणार नाही. पट्टी कोरी आली म्हणजे आजार नाही, असं नव्हे. उंदराचा एखादा केस सापडला तरी माग लागतो, ती पीसीआर, म्हणजे जिवाणूच्या डीएनएचा अंश शोधणारी तपासणी. आणि शरीरानं जिवाणूंविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची तपासणी म्हणजे लेंड्या. उंदीर येऊन गेला एवढं त्या सांगतात. आज आत आहे की नाही, ते नाही. आता तुम्ही आधीच कणगीत औषध टाकलंत, तर मी बॅटरी मारून काय बघू?

म्हणून सांगतो. प्रतिजैविकाची सुई किंवा गोळी देण्याआधी रक्त घ्यायला सांगा. कानाच्या टोकाला बारीक टोचून आलेल्या थेंबाची ताजी पट्टी, आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त. वाळलेली पट्टी नीट गुंडाळली तर मुरबाडहून एसटीनं कल्याणला आणि तिथून लोकलनं परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंतही नेता येते. निकाल येईपर्यंत मांजराला तसंच ठेवा, असं मी म्हणत नाही. रक्त घेऊन झालं की औषध त्याच दिवशी सुरू होतं. या आजारांवरच्या डॉक्सिसायक्लिनची गोळी मात्र कोरडी देऊ नका, ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. मागोमाग चमचाभर पाणी पाजा.

रक्त मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी दिसल्या म्हणून लगेच घाबरू नका. मांजराच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राची मोजणी चुकते. तिथंही पट्टीच बघावी लागते.

एकच रागावून सांगतो. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. अर्धीसुद्धा नाही. त्यानं मांजर मरतं. गोठ्यात गायीवर गोचिडीचं औषध माराल तेव्हा ते वाळेपर्यंत मांजर बाहेर ठेवा. त्यातली काही औषधं त्याला सोसत नाहीत. घरातलं मांजर आज जेवलं नसेल, तर उद्या सकाळी त्याला पाटीत घालून दवाखान्यात आणा, आणि आधी कुठली गोळी दिली असेल तर ती न लपवता सांगा.