लव्हाळ्याची जमीन



आज ज्या वनस्पतीविषयी मी बोलणार आहे तिला व्याख्यानाचा मान क्वचितच मिळाला असेल. शेतकऱ्याच्या लेखी लव्हाळा म्हणजे तण. महापुरात तो वाचतो, एवढी ओळख तुकोबांनी करून दिली. पण दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा त्याच कुळातला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गवताचा देठ चिमटीत फिरवला तर गोल लागतो, लव्हाळ्याचा बहुधा तिधारी.

या कुळातल्या पुष्कळ वनस्पतींना ना कोरडी जमीन मानवते, ना खोल पाणी. घोडबंदर रस्त्याची ठेवण पाहा. दक्षिणेला येऊरचे डोंगर, उत्तरेला उल्हास नदीची खाडी, मध्ये सखल जमिनीची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात ओढे डोंगरावरून उतरतात, रस्त्याखालच्या मोऱ्यांतून जातात आणि पसरतात. समोरून भरती येते. गोडे पाणी रेंगाळते पण खारे रोज पोचत नाही, तो काठ लव्हाळ्याचा. त्याला आपण सवयीने 'पडीक' म्हणतो. बिचारी जमीन वर्षभर पाणी धरण्याचे काम करते, तरी पडीक!

या जमिनीत माणसाने पूर्वीही हात घातला होता. खाडीला मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी बसवायची. ओहोटीला तिचे दार आतल्या पाण्याने उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटते. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाले की राता भात लावायचा. या खारजमिनींसाठी मुंबई राज्यात १९४८ साली कायदा झाला. या शेतीत पाण्याची ये-जा चालू राहिली, म्हणून खाचरांच्या कडेला लव्हाळाही टिकला. बांध फुटून दुरुस्त झाला नाही, तर मात्र तिवरे वाढतात आणि शेतकऱ्याच्या शेताचे जंगल होते.

भरावाची गोष्ट निराळी. १९८२ साली ठाण्याची महानगरपालिका झाली आणि पुढच्या काही दशकांत या रस्त्यालगतच्या खाचरांवर वसाहती उठल्या. लव्हाळ्याला बुडवायला समुद्र लागत नाही. दोन हात राडारोडा पुरतो. ओढे भिंतींच्या नाल्यांत कोंडले, म्हणजे जे पाणी पसरून सावकाश जायचे ते एका दमात खाडीकडे धावते, आणि तेव्हाच भरती असली तर मागे फिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा पाणी आपली जुनी जागा शोधत कसे आले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. जे तुकडे उरले त्यांत सांडपाणी जाते. त्या खतावर पाणकणीस आणि जलपर्णी माजतात व लव्हाळा गुदमरतो.

मग पुन्हा उभारणी कशी करायची? आपल्याकडे 'उभारणी' म्हटले की रोपे लावण्याचा समारंभ होतो. तिवरांना २००५ मध्ये उच्च न्यायालयाचे संरक्षण मिळाले, २०१२ मध्ये कांदळवन कक्ष झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. याचा आनंदच आहे. पण लव्हाळा झाड नाही, त्याची मोजणी कोण करणार? शिवाय २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरे आणि मिठागरे व्याख्येतूनच वगळली आहेत.

अमेरिकेच्या मध्यभागी शेतीसाठी निचरा केलेली तळी पुन्हा भरण्यात आली. निचऱ्याच्या नळ्या बंद केल्या, पाणी आले, बदके आली, पाण्यातल्या वनस्पतीही आल्या. काठावरचे लव्हाळे मात्र बारा वर्षांनंतरही फारसे परतले नाहीत. मधली जुनी कुरणेच नष्ट झाली होती. बी येणार कुठून? त्यांच्या जागी एक दांडगे गवत पसरले.

आपल्याला म्हणून आधी जमिनीची पातळी पूर्ववत करावी लागेल, मोरी मोकळी करावी लागेल, सांडपाणी वळवावे लागेल. आणि त्यानंतर जिवंत तुकड्यांतून मातीसकट गड्डे आणून लावावे लागतील. ते तुकडे आज शिल्लक हवेत, हीच अडचण आहे. मोघरपाड्याची खारजमीन मेट्रोच्या कारशेडसाठी ठरली. मेट्रो नको असे मी म्हणत नाही. गर्दीत उभा राहणारा माणूस तसे म्हणणारही नाही. पण अशा प्रत्येक आराखड्यात ओढ्याच्या दोन्ही काठांना भरावाविना पट्टा सोडता येतो. तो कागदावर आताच आखून घेतला पाहिजे, कारण राडारोडा पडल्यावर तो उपसण्याचा खर्च कोणी देत नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की ओवळ्याच्या बाजूला एखाद्या मोरीपाशी थांबा. पाणी कुठे पसरते, दोन दिवसांनी कुठे उरते, ते पाहा आणि तिथला एक देठ चिमटीत फिरवून पाहा.