वारली चित्राचा उरलेला धडा

आपल्या घरांतील पडद्यांवर, पेल्यांवर वारली चित्रें असतात. मुलांच्या चित्रकलेच्या वहींतही तीं आलीं आहेत. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन शिकविले कीं धडा बहुधा संपतो. तो तेथें संपूं नये, असें मला वाटतें.

पालघर जिल्ह्यांतील वारली घरांत लग्नसमयीं सुवासिनी गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक काढतात. चौकाच्या मध्यें पालघट देवी. हें मुलांना सांगावेंच. पण ह्याच लग्नासाठीं जमीनदाराकडून कर्ज काढणारा तरुण पूर्वीं पत्नीसह त्याच्याकडे राबत राही. त्याला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ सालीं वारली ह्या वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या ग्रंथांत तो लढा लिहून ठेविला आहे. मोठ्या मुलांच्या हातीं देण्यास ह्याहून चांगलें साधन मला दिसत नाहीं. रंग भरण्याचीं पुस्तकें मात्र बाजारांत हवीं तितकीं!

दुसरें साधन म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जी वनजमीन कसतें, तिच्यावर ४ हेक्टरांपर्यंत त्याचा हक्क मान्य होतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढें येतो, साहेबापुढें नव्हे. आणि कागदांच्या जोडीला पुरावा म्हणून गांवांतील वडीलधाऱ्या माणसाचें सांगणेंही लिहून घेतलें जातें. वर्गांत असा एक दावा मुलांकडून लिहवून घ्यावा. साक्षीला कोणास बोलवावें, तें त्यांनाच ठरवूं द्यावें.