मुक्कामाचे रान
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नातेपुत्याजवळचे आमच्या घराण्याचे दोन एकरांचे रान आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. आषाढीच्या वाटेवर श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्कामाला आली, म्हणजे एक दिंडी पिढ्यान्‌पिढ्या याच रानात उतरते. या रानाची हकीकत सांगावी, असा आग्रह चिटणीसांनी धरला. हकीकत लहान आहे. परंतु ज्या थोर व्यवस्थेचा तो एक धागा, ती प्रथम सांगणे भाग आहे.

वारी फार प्राचीन. तथापि राहुट्या, क्रम व शिस्त यांसह आज दिसणारा आळंदीचा पालखीसोहळा हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास उभा केला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या या सातारकडील पुरुषाने लष्करी तळाची शिस्त भक्तीच्या कामी लावली, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांना साह्य लाभले ते अंकलीच्या शितोळे सरदारांचे. घोडे त्यांचे आणि माउलींचा तंबूही त्यांचाच. अंकली आता कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. तेथून आजही दोन घोडे पायी आळंदीस येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ माउलींसाठी रिकामी असते. सरदारक्या गेल्या, तरी त्या घराण्याने हे काम सोडले नाही.

तळावरचे कायदे कोठे लिहिलेले नाहीत, पण ते मोडलेले क्वचितच दिसतात. पहाटे पहिला कर्णा होतो, तेव्हा राहुट्या उतरवून सामान बांधावयाचे; दुसऱ्यास सिद्ध व्हावयाचे; तिसऱ्यास पालखी हलते. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे. ज्याची त्याची जागा ठरलेली. सायंकाळी तळावर समाजआरती होते. सर्व दिंड्या पालखीभोवती कडे करून उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते. गाऱ्हाणे मांडावयाची इतकी सभ्य आणि इतकी अडवून धरणारी रीत आमच्या तरी पाहण्यात दुसरी नाही. आमच्या ज्ञातिसभांनी ती उचलावी, असे कधी कधी मनात येते!

आता आमचे रान. त्याचा नियम एकच : मृगाचा वा आर्द्राचा पाऊस पडून वाफसा आला, तरी पालखी पुढे जाईपर्यंत तिफण घालावयाची नाही. शेजारची बाजरी वीतभर वर येते आणि आमचे रान काळेच असते. सुगीला तूट येते. ती कोणी मोजत नाही. दिंडीकडून भाडे घेत नाहीत. निघताना विणेकरी एक नारळ देतात, तो देवघरात ठेवला जातो. पूर्वी राहुट्या व भांडी बैलगाड्यांतून येत, आता मालमोटारींतून येतात. चाकोऱ्या अधिक खोल पडतात, एवढाच फरक. दिंडी हलली की चुलींची राख पांगवणे, मेखांची भोके बुजवणे, पत्रावळी गोळा करणे हे काम घरच्या बायकांचे. मान पुरुषांच्या नावे राहिला, श्रम त्यांच्या वाट्यास आले; हे संमेलनात कोणीतरी बोलावयास हवे होते, म्हणून आम्ही बोलतो.

आणखी एक गोष्ट ज्ञातीपुढे स्पष्ट मांडली पाहिजे. इरावतीबाई कर्वे यांनी आपल्या ‘वाटचाल’ या लेखात, एकत्र चालणारे वारकरी जेवावयास मात्र जातवार वेगळे बसतात, याची खंत नोंदवून ठेवली आहे. आमच्या रानातही आजोबांच्या काळी चुली निराळ्या मांडल्या जात. एका वर्षी पावसाने साऱ्या चुली विझवल्या. आजीने घरातल्या एकाच चुलीवर पिठले-भाकरी करून सर्वांना ओसरीवर एका ओळीत बसवले. पुढील वर्षी ऊन पडले आणि चुली पुन्हा निराळ्या झाल्या. त्या एक होण्यास वडिलांची सारी हयात लागली. तेव्हा ‘ज्ञातीच्या वारकऱ्यांसाठी स्वतंत्र निवास’ अशी जी सूचना यंदा पुढे आली आहे, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. या रानात उतरणाऱ्याला जात विचारली जाणार नाही.

२०२० व २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या. तेव्हा तरी वेळेवर पेरावे, असे धाकट्यांचे म्हणणे पडले. आईने ऐकले नाही. एकादशी होईतो रान तसेच राहिले. तण मात्र भरपूर उगवले.

पुढे पालखीमार्ग चौपदरी करण्याचे काम निघाले. वारकऱ्यांची सोय होईल, हे खरे. कडेची एक पट्टी संपादनात गेली, आणि उरलेल्या जमिनीस असा भाव आला की जो पूर्वी कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता. चार भावांचे वारस आता अकरा. त्यांतील काही पुण्यास आहेत, दोघे परदेशी. प्लॉट पाडावेत, असे काहींना वाटते. आम्ही त्यांना लोभी म्हणणार नाही. कर्ज आहे, मुलांची शिक्षणे आहेत. परंतु वाटणीपत्रात ही जमीन अविभाज्य ठेवावी, एवढे नऊ जणांनी मान्य केले आहे. उरलेल्या दोघांशी बोलणे चालू आहे. त्यांचा हिस्सा रोखीने देणे ठरल्यास घराण्याची शक्ती अपुरी पडेल. तेथे ज्ञातीने हात द्यावा, ही आमची विनंती.

मात्र कमान व नामफलक उभारण्याचा विचार सोडावा. तेवढ्या पैशात बायकांसाठी आडोशाची शौचालये होतील व पाण्याची टाकी येईल. दिंडीतील म्हाताऱ्या बायका रात्री पाणी पिण्याचे टाळतात. का, ते सांगावयास नको.

आणि पैशाहून माणसांची निकड अधिक आहे. दिंडी येण्याच्या आदल्या दिवशी काटे व खडे वेचावे लागतात, आणि ती गेल्यावर भोके बुजवावी लागतात. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे. खुरपे घरून आणावे, आमच्याकडे चारच आहेत.